मुक्या सोबत्याचे वार्धक्य

ज्या वर्षी एखादा मुलगा पहिलीच्या वर्गात पाऊल टाकतो, त्या वर्षी त्याच्या घरी आणलेले कुत्र्याचे पिल्लू, तो शालान्त परीक्षेला बसेपर्यंत म्हातारे झालेले असते. मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटू लागते आणि कुत्र्याच्या तोंडावरचे केस पांढरे होऊ लागतात. दोघेही एकाच अंगणात वाढतात. परंतु निसर्गाने दोघांच्या पदरात घातलेली आयुष्याची शिदोरी सारखी नसते. लहान चणीची पुष्कळ कुत्री १४-१५ वर्षे जगतात. अगदी थोराड जातीच्या कुत्र्यांची मजल मात्र बहुधा ८-१० वर्षांतच संपते. धाकटा म्हणून जो घरात येतो, तोच सर्वांच्या आधी आजोबा होतो!

अशा म्हाताऱ्या कुत्र्याविषयी घरोघरी एक वाक्य ऐकू येते, “वय झाले त्याचे; आता चालायचेच.” हे वाक्य वरवर समंजसपणाचे वाटते, परंतु त्याच्या आड पुष्कळदा आळस दडलेला असतो. वार्धक्य हा काही रोग नव्हे. आणि वार्धक्याच्या नावावर खपून जाणाऱ्या कित्येक दुखण्यांवर उपचार करता येतात. कुत्रा आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाही. पायरी चढताना तो क्षणभर थबकतो, पाठीवर हात ठेवताच गुरगुरतो, एकच सांधा पुनःपुन्हा चाटीत बसतो. ही त्याची भाषा होय. तो एकाएकी फार पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असण्याचा संभव असतो. त्याच्या डोळ्यांवर निळसर झाक आलेली पाहून “हा आंधळा झाला” असे आपण म्हणतो. परंतु ती पुष्कळदा केवळ वयाची खूण असते व त्याला बऱ्यापैकी दिसत असते. मोतीबिंदू निराळा. हा भेद पशुवैद्यालाच कळावयाचा. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे शिकविली जात आहे. तिचा लाभ वेळीच घ्यावयास हवा.

काही उपाय तर घरच्या घरी करता येतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून तेथे एखादे गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी. अंथरूण कोरडे व मऊ असावे, पाण्याचे भांडे जवळ असावे. लाडाने वाढलेले वजन उतरविले की सांध्यांवरचा भार हलका होतो. मात्र माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याला विषासमान ठरतात.

दुर्लक्ष हा जसा एक दोष, तसाच त्याच्या उलट टोकाचा दुसराही एक दोष आहे. तो मायेतून जन्म घेतो, म्हणून चटकन ओळखू येत नाही. “काहीही करा, पण त्याला जगवा,” असे घरची माणसे पशुवैद्याला विनवितात. अशा वेळी थोडे थांबून विचार करावा. आजारी माणूस शस्त्रक्रियेचे क्लेश सोसतो, कारण महिनाभराने आपण हिंडूफिरू लागू, ही आशा त्याला बळ देते. कुत्र्याला हा हिशेब समजावून कसा सांगावयाचा? आपल्याला परक्या जागी का ठेवले आहे, रोज सुई का टोचतात, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. त्याच्यापुढे आजचा दिवस तेवढा असतो. म्हणून त्याच्या आयुष्यात दिवस किती वाढतील, एवढेच विचारून भागत नाही. ते दिवस त्याला कसे जातील, हेही विचारावे लागते. चार दिवसांच्या त्रासाने वर्षभराचे सुख मिळणार असेल, तर उपचार अवश्य करावेत. पण वर्षभराच्या त्रासाने चारच दिवस पदरी पडणार असतील, तर तो अट्टाहास कोणासाठी?

परंतु मायेने भरलेल्या डोळ्यांना हे तोलावयाचे कसे? अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतील महिला पशुवैद्यांनी २००४ साली याकरिता एक साधा तराजू सुचविला. त्यात ७ गोष्टी पाहावयाच्या असतात : वेदना आटोक्यात आहेत काय, पोटात अन्न जाते काय, अंगात पाणी टिकते काय, अंग स्वच्छ राहते काय, मनाला आनंद होतो काय, हिंडता येते काय आणि शेवटी, वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय? प्रत्येक गोष्टीस ० ते १० गुण द्यावयाचे. ७० पैकी ३५ हून अधिक गुण मिळाले, तर त्याचे जगणे अजून सुसह्य आहे असे समजावे. घरातील मुलांनाही या कामी हातभार लावता येतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चांगल्या दिवसाला एक खूण व वाईट दिवसाला दुसरी खूण केली, म्हणजे महिन्याअखेरीस मनाने लपविलेले सत्य कागद सांगतो.

कधी कधी हा कागद फार कठोर गोष्ट सांगतो. औषधांचा गुण येईनासा होतो, वेदना थांबत नाहीत. अशा वेळी गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा देऊन त्याला शांतपणे कायमची झोप देण्याचा मार्ग पशुवैद्य सुचवितात. काहींच्या मनाला तो पटत नाही. ते अखेरपर्यंत वेदनाशमन करीत राहतात. निर्णय कोणताही असो, तो कंटाळ्यापोटी घेतलेला नसावा. महागडे उपचार सर्वांना परवडत नाहीत आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण म्हाताऱ्या कुत्र्याला दूर कोठेतरी नेऊन सोडून येणे हे मात्र लाजिरवाणे होय. पाळलेल्या प्राण्याला विनाकारण उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अपराधही आहे.

महाभारतात स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिरासोबत एक कुत्रा चालत आला. त्याला मागे टाकून रथात चढ, असे इंद्राने सांगितले. युधिष्ठिराने ते मानले नाही. आश्रयास आलेल्याला टाकू नये, हा धडा त्या कथेने फार पूर्वीच दिला आहे. आजच्या घरांपुढचा प्रश्न त्याहून थोडा अवघड आहे. सोबत सोडावयाची नाही, हे ठरल्यावरही ती सोबत कशी करावयाची, हे उरतेच. कुत्र्याचे भाग्य असे की, त्याच्या गरजा फार थोड्या असतात : दुखणे कमी व्हावे, घोटभर पाणी मिळावे आणि ओळखीचा हात पाठीवरून फिरावा. त्यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी पशुवैद्य लागतो; उरलेल्या दोहोंसाठी घरचे माणूस पुरते.