व्याख्या नसलेले शब्द

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या एकाच दुरुस्तीने ६६-ए आणि ६६-ई ही दोन कलमं आली. संमतीशिवाय कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्र टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पुढे पाठवणं हा ६६-ईखाली गुन्हा आहे. टिपणं म्हणजे काय, पाठवणं म्हणजे काय, खासगी भाग कोणता आणि खासगीपणाचा भंग कोणत्या परिस्थितीत होतो, हे सगळं त्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. पोलीस, आरोपी आणि न्यायाधीश तिघांनाही त्यातून एकच अर्थ कळतो. ६६-एमध्ये मात्र ‘घोर आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अपमान’, ‘वैरभाव’ असे शब्द ओळीने मांडले होते आणि त्यांतल्या एकाचीही व्याख्या नव्हती. सायबर कायद्याची वकिली करायला आलेल्या नव्या सहकाऱ्यांना मी ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावते. ६६-ई आजही कायद्यात आहे. ६६-ए सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर अनेकांना अटक झाली होती.

मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता, तेव्हा २२ डिसेंबर २००८ रोजी हे विधेयक लोकसभेत गोंधळातच, चर्चेशिवाय मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ते संमत केलं. ६६-एमागचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. स्पॅम, खोट्या पत्त्यावरून आलेले मेल, मोबाइलवरून होणारा छळ हे प्रश्न खरे होते, आजही आहेत. पण त्यासाठी लागणारे शब्द घडवण्याऐवजी ते ब्रिटनच्या कायद्यातून उचलले गेले. ‘घोर आक्षेपार्ह’ हा प्रयोग तिथल्या टपाल खात्याच्या १९३५च्या दुरुस्तीतला आहे. ती तरतूद टेलिफोनवरून दिल्या जाणाऱ्या संदेशांसाठी होती: एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा. जिथे एक माणूस लिहितो आणि हजारो अनोळखी माणसं वाचतात, अशा जागी तेच शब्द आणून ठेवले, तर वाचणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी दुखावणारच.

शिक्षेचा आकडाही तितकाच घातक होता, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. ब्रिटनच्या २००३च्या कायद्यात अशा संदेशासाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद ठेवली होती. आपल्याकडे ती तीन वर्षं केली. आता याच कायद्याचं ७७-बी हे कलम पाहा. तीन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा दखलपात्र, असं ते सांगतं. दखलपात्र म्हणजे वॉरंटशिवाय अटक. गुन्हा जामीनपात्र होता हे खरं, पण जामीन अटकेनंतर मिळतो. शिक्षा दोन वर्षं ठेवली असती, तर फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवलं असतं आणि निदान एका न्यायाधीशाने तो मजकूर आधी वाचला असता. त्यात भर म्हणजे पूर्वी या कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असे, तो त्याच दुरुस्तीने निरीक्षकाकडे आला. त्यामुळे कोणत्याही ठाण्यातल्या निरीक्षकाने, बाहेर जमाव उभा असताना, ‘त्रास’ या शब्दाचा अर्थ ठरवावा अशी व्यवस्था तयार झाली. एकेक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. तिन्ही एकत्र आले की काय होतं, हे पालघरमध्ये दिसलं.

नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका तरुणीने या बंदवर प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती ‘लाइक’ केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्यावर जमावाने हल्ला करून मोडतोड केली. पोलिसांनी आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम लावलं, मग ते बदललं. ६६-ए मात्र सहज बसलं. ते कुठेही बसायचं. दोघींना पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन मिळाला. देशभर गदारोळ उठल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे प्रकरण बंद करण्यात आलं. त्या अधिकाऱ्यांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही, पण कलमाची भाषा पाहता त्यांची कृती तिच्यात बसत होती, ही मला जास्त भीतीदायक गोष्ट वाटते. त्याच वर्षी पुद्दुचेरीत एका लघुउद्योजकाला केंद्रीय मंत्र्यांच्या मुलाविषयीच्या ट्विटवरून पकडलं गेलं. कोलकात्यात एका प्राध्यापकांना मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. या प्राध्यापकांची खटल्यातून मुक्तता व्हायला २०२३ साल उजाडलं.

केंद्राने जानेवारी २०१३मध्ये राज्यांना सूचना पाठवली: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय या कलमाखाली अटक करू नका. अर्थ लावणाऱ्याचा हुद्दा वाढला, शब्द तसेच राहिले.

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी निकाल आला. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांचं खंडपीठ होतं, निकाल न्या. नरीमन यांनी लिहिला. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत त्यात केलेला भेद सर्वत्र उद्धृत होतो. मला त्यातला दुसरा एक युक्तिवाद अधिक मोलाचा वाटतो. न्यायालयाने ब्रिटनमधले दोन खटले शेजारी ठेवले. एकात खालच्या न्यायालयांनी आरोपीला सोडलं आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने दोषी ठरवलं. दुसऱ्यात, विमानतळ उडवून देण्याच्या ट्विटरवरच्या थट्टेबद्दल, खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलं आणि वरच्या न्यायालयाने सोडलं. आयुष्यभर कायदा वाचणारी माणसं त्याच मजकुराकडे पाहून उलट निष्कर्ष काढत असतील, तर सामान्य नागरिकाने काय लिहावं आणि काय नाही हे ठरवायचं कशावरून? या कलमाचा गैरवापर होणार नाही, अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. सरकारं बदलतात, कलम राहतं, आणि आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही.

कलम संपूर्ण रद्द झालं, कारण त्यातला कोणताही भाग वेगळा काढून वाचवण्याजोगा नव्हता. पाठवणाऱ्याची ओळख लपवून फसवणाऱ्या मेलविषयीचं पोटकलमही त्याबरोबर गेलं. ज्या कामासाठी हा कायदा करायचा होता, तेच काम वाईट शब्दांमुळे अर्धवट राहिलं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ऑनलाइन छळाने हैराण झालेल्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना नेमक्या कायद्याचीच गरज असते. पाठलागाविषयी २०१३ साली तेव्हाच्या दंड संहितेत आलेली तरतूद त्यांच्या उपयोगी पडते. स्त्रीने नकार स्पष्ट केल्यानंतरही वारंवार संपर्क साधणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, असं त्यात कृतीचं वर्णन आहे. भावनांची यादी नाही.

रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे मात्र दाखल होत राहिले. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालयांमार्फत सर्व जिल्हा न्यायालयांना आणि केंद्रामार्फत राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवायला सांगितलं. तरीही २०२१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयापुढे आकडे ठेवले: ११ राज्यांत ७४५ प्रकरणं प्रलंबित, महाराष्ट्र त्यांत होता. निकाल लिहिणारे न्या. नरीमन स्वतः त्या दिवशी पीठावर होते आणि त्यांना धक्का बसला. महान्यायवादींनी खुलासा केला, की कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं असतं आणि ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत असतं. हे खरं होतं, मी ती पुस्तकं वापरलेली आहेत. ठाण्यातला अधिकारी कलम वाचायचा, बारीक टायपातली टीप वाचायचा नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला: या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका आणि पुस्तकात ते छापायचं असेल, तर ते घटनाबाह्य ठरल्याचं वाचकाला पुरेसं कळेल असं छापा.

तसेच व्याख्या नसलेले शब्द नियमांमधूनही येत राहतात. नियम मंत्रालय करतं, ते अमलात येण्याआधी संसदेत चर्चा होत नाही. इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठीच्या २०११च्या नियमांत ‘घोर हानिकारक’ असा शब्दप्रयोग होता. तेव्हा सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीसाठी एका संशोधकाने सात मध्यस्थ कंपन्यांना मुद्दाम सदोष नोटिसा पाठवून पाहिल्या, तर त्यांतल्या सहांनी गरजेपेक्षा जास्तच मजकूर काढून टाकला. कंपनीचा हिशेब साधा असतो: मजकूर ठेवला तर खटल्याचा धोका, काढला तर काहीच नाही. एप्रिल २०२३मध्ये केंद्राच्या कामकाजाविषयीची ‘बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी’ माहिती ओळखायला सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष नेमण्याची तरतूद आली. याही शब्दांना व्याख्या नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान देणाऱ्यांत विनोदी कलाकार कुणाल कामरा होते, संपादकांच्या आणि नियतकालिकांच्या संघटनाही होत्या. न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं जानेवारी २०२४मध्ये विभागली. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि शब्दांची संदिग्धता हे त्यामागचं एक कारण होतं.

असे मसुदे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हरकतींसाठी ठेवले जातात, मुदतही दिलेली असते. मी दर वेळी हरकती पाठवते: या शब्दाची व्याख्या द्या, हेतू सिद्ध करण्याची अट घाला, कोणती हानी ते लिहा, अटक करण्याआधी मजकूर कोण वाचणार ते सांगा. हरकत पाठवायला वकील असावं लागत नाही. दुकानदार, शिक्षक, दिवाळी अंकाचे संपादक, ज्यांचं लिहिणं या शब्दांखाली येणार आहे त्या सगळ्यांनी ते मसुदे मुदतीच्या आत वाचावेत आणि जो शब्द कळला नाही त्यावर बोट ठेवून पत्र पाठवावं.