हातातलं काम सुटल्यावर

सावता महाराज मळ्यात राबत, गोरोबाकाका माती तुडवीत, सेना महाराज हजामत करीत, नरहरी महाराज सोनं घडवीत. देवासाठी काम सोडून जावं लागत नाही, तो कामातच भेटतो, हे आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकतो. मीही ऐकलं आणि मानलं. पण ज्याचं कामच गेलं, त्यानं देवाला कुठं भेटायचं? हा प्रश्न मला वयाच्या 46व्या वर्षी पडला. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात मी 21 वर्षं फिटर होतो. गेल्या भाद्रपदात कारखाना बंद झाला, हिशेब हातात पडला आणि मी घरी आलो.

पैशाची काळजी कुणालाही कळते, ती सांगत बसत नाही. दुसरी गोष्ट मात्र ज्याच्यावर येते त्यालाच कळते. ती म्हणजे दिवस. पहिल्या पाळीची बस पावणेसहाला यायची, म्हणून साडेचारला उठणं, डबा, दुपारचा चहा, सुटी झाल्यावर घर, असा सगळा दिवस बांधलेला होता. ती दोरीच तुटली. जिन्यात भेटणारा शेजारी विचारायचा, “आज सुट्टी का?” आठवडाभर काहीतरी उत्तर दिलं. नंतर जिना उतरणंच नकोसं झालं.

त्या दिवसांत तुकोबारायांचे आत्मचरित्राचे अभंग पुन्हा काढले. पूर्वी ते चालीवर कितीदा म्हटले होते, पण तेव्हा लक्ष चालीकडं. 1630 सालचा तो भयंकर दुष्काळ. घरची महाजनकी, दुकान, देणंघेणं, सगळं बसलं. महाराज स्वतः सांगतात, की पैसा गेला, मान गेला, एक पत्नी अन्नावाचून गेली आणि जिवाला लाज वाटू लागली. लाज वाटली हे त्यांनी झाकलं नाही, याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू! हल्ली नोकरी गेलेल्या माणसाला सगळे सांगतात, विचार चांगले ठेव, हसत राहा. महाराज तसं काही सांगत नाहीत. वाण्यानं वहीत मांडावा तसा तोटा तोटा म्हणूनच मांडतात आणि मग पुढं जातात.

आणि पुढं केलं काय, तेही सांगतात. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावं असं मनात आलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं, हेही मोकळेपणानं कबूल करतात. संतांची वचनं पाठ केली. पुढं गाणाऱ्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. दुसऱ्याच्या उपयोगी पडताना शरीर झिजवलं. माउली, जरा बघा, यात सुरुवातीला एकही मोठी गोष्ट नाही. माती आहे, पाठांतर आहे, मागं उभं राहून साथ देणं आहे. मन लागेल तेव्हा करू, असं ते म्हणाले नाहीत. हात आधी लागले, मन मागून आलं.

पण असं केलं म्हणून दुकान पुन्हा उभं राहिलं, असं कुठंही नाही. उलट आपल्या वाट्याची कर्जखतंही त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. तेव्हा हा धंदा सावरायचा उपाय म्हणून कुणी वाचू नये.

कोजागिरीपासून आमच्या मंदिरात काकडा सुरू झाला. मी पहाटे जाऊ लागलो. आवाज माझा बेताचा, म्हणून टाळ घेऊन मागं उभा राहायचो. चार वाजता उठायला पुन्हा कारण मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात मंदिराच्या टाकीची मोटर बंद पडली, ती मी खोलून दुरुस्त केली. तिथं कुणी विचारलं नाही, की तुम्ही कुठं कामाला. “माउली, पाणी आलं का?” एवढंच विचारलं.

माघात गावी सप्ताह होता. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो, सकाळी शेतावर नाहीतर नोकरीवर जायचं असतं. तो पहारा मी मागून घेतला. मांडवात दोन-चार म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून पडलेली, समईची वात आणि गळ्यात वीणा. त्या दोन तासांत मी नसतो तर चाललं नसतं. कामावरून कमी झालेल्या माणसाला याची किंमत फार असते.

एक मात्र स्पष्ट लिहितो. “पांडुरंग देईल” म्हणणारी माणसं भली असतात, पण घराचा हप्ता त्यांना भरायचा नसतो. देवळात बसून राहणं सोपं आहे. तिथं कुणी नाही म्हणत नाही, कारखान्याच्या गेटवर म्हणतात. म्हणून मी ठरवलं, की काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ हा नेम, पण नऊ ते एक फक्त कामाचा शोध. अर्ज, फोन, भोसरी-चाकणच्या चकरा, जुन्या सोबत्यांच्या भेटी. कुठं गेलो, काय म्हणाले, ते एका वहीत लिहितो. आजवर 63 ठिकाणं झाली. दुपारी घरच्यांच्या पोळीभाजीच्या डब्यांना मदत करतो. कणीक मळायला आता मला चांगली जमते, असं ती म्हणते, मुलगी मात्र अजून खोड काढते. महिन्यातून आठ-दहा दिवस मोटर-पंप दुरुस्तीचं काम मिळतं. तेवढ्यात भागत नाही, पण किराणा येतो.

कधी एखादा दिवस तरी वाईट जातोच. त्या दिवशी हरिपाठ नुसता तोंडानं होतो. होऊ देतो.

आता ज्येष्ठ लागला. तुकोबारायांची पालखी देहूहून निघेल, आकुर्डीला मुक्काम होईल. यंदा पुण्यापर्यंत नक्की चालेन. त्यापुढचं एका कारखान्याच्या निरोपावर आहे, दोनदा बोलावून गेलेत. दिंडीतल्या विणेकऱ्यांना सांगून ठेवलंय, की भजनात माझा फोन वाजला तर रागावू नका. ते म्हणाले, “वाजू दे की. फक्त बाजूला जाऊन बोल.”