गाडी नांदुरीलाच ठेवा
नवरात्रात किंवा चैत्रात सप्तशृंगी गडावर निघालात, तर तुमची जीप पायथ्याच्या नांदुरीलाच थांबेल. यात्रेच्या दिवसांत पुढचा सुमारे १० किलोमीटरचा घाट एस. टी.चाच. कुरकुर होते खरी. म्हातारी आई, कडेवर पोर, हातात बोचकं! पण अरुंद वळणावर चढती नि उतरती गाडी समोरासमोर अडकली, म्हणजे मागची अख्खी रांग खिळते. कुणाला छातीत कळ आली तरी खाली आणायला वाट उरत नाही. एका बसमध्ये पाच-सहा जीपगाड्यांची माणसं मावतात, हा हिशेब बघा. वर पाचशेच्या पुढं पायऱ्या आहेत. २०१८ पासून रुळांवरची ट्रॉलीही आहे; म्हाताऱ्यांना तिनंच न्या. परतीला अंधार करू नका.