भिंतीवरचा टीव्ही

भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली आठ-दहा मशीन लावून जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यांत हल्ली तो भेटतो. ४३ इंची, घरी असतो तसलाच टीव्ही. जन्मला क्रिकेट आणि मालिका दाखवायला, लटकला व्हीएमसी नावाच्या मशीनच्या डोक्यावर. अंगावर कूलंटचा चिकट थर, त्यावर धूळ. रिमोट सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. वर्ल्ड कपच्या दिवसांत ड्रॉवरला कुलूप.

पडद्यावर प्रत्येक मशीनचा एक चौकोन. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे नुसतंच उभं, लाल म्हणजे अलार्म. मालकांची नजर लाल शोधते. मला त्याचा करडा रंग आवडतो. करडा म्हणजे ‘या मशीनचं मला काही कळत नाहीये’. एवढं कबूल करणारा शेडमध्ये दुसरा कोणी नाही. हा गुण त्याच्या घराण्यातला. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह येतो. दाब शून्य असला तरी ४ येतातच. तार तुटली तर मात्र ०. ‘दाब नाही’ आणि ‘तारच नाही’ या दोन बातम्यांची त्यामुळे गल्लत होत नाही. याचे काही भाऊबंद लबाड निघतात. उंदरानं केबल कुरतडली तरी शेवटचं तापमान धरून, चौकोन हिरवा ठेवून बसतात.

नवी सीएनसी मशीनं नेटवर्कच्या केबलवरून त्याच्याशी आपणहून बोलतात. कोपऱ्यातलं एचएमटीचं जुनं लेथ मुकं. त्याच्या मोटरच्या वायरीभोवती करंट ट्रान्सफॉर्मरची कडी अडकवली आहे: प्रवाह चढला की कटिंग चालू, उतरला की मोटर रिकामीच फिरतेय. या बातम्या एमक्यूटीटीच्या छोट्या चिठ्ठ्यांमधून येतात. ती पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बसवली, दूरवरच्या तेलवाहिन्यांची खबर उपग्रहामार्फत थोडक्यात कळावी म्हणून. भोसरीत ती जेमतेम पन्नास फूट चालते.

वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत ओईई. जपानच्या सेइची नाकाजिमांनी रूढ केलेलं हे माप फार कडक. मशीन ठरल्या वेळातलं किती वेळ चाललं, ठरल्या वेगानं चाललं का, आणि माल चांगला किती निघाला, या तिन्हींचा गुणाकार. तिन्ही विषयांत नव्वद मिळवणारं पोरगं इथे निकालात ७३ वर येतं. पण टीव्हीही फसतो. सायकल टाइम ढिला भरून ठेवला की वेगाच्या रकान्यात १०८ टक्के दाखवतो, आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

त्याच्या खालोखाल स्पिंडल लोडची रेषा. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या तुकड्याची, धार जात चालली की जॉबमागून जॉब ती किंचित वर सरकते. अशाच एका शेडमधले जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते पडद्याकडे पाठ करून सांगतात, “तीन नंबरचा आवाज बदलला, इन्सर्ट फिरव.” त्या वेळी रेषाही चढलेली असते. मामांना याचं कौतुक नाही. पण रात्रपाळीला मामा नसतात, तो असतो.

टोयोटाच्या कारखान्यातला अंदोन हा त्याचा पूर्वज. तिथे अडचण आली की कामगार दोरी ओढायचा, फलकावर दिवा लागायचा, मदतनीस धावत यायचा. कामगारानं मारलेली ती हाक होती. आपला टीव्ही कामगाराबद्दल बोलतो, तेही न विचारता. म्हणून लावला त्या दिवसापासून पोरं त्याला चुगलखोर म्हणतात. बरं, त्याचं तोंडही सुरुवातीला मालकांच्या केबिनकडे होतं.

मशीन पाच मिनिटांहून जास्त थांबलं की तो कारण विचारतो. मशीनशेजारच्या टॅबवर बटणं येतात: सेटिंग, टूल बदल, मटेरियल नाही, लाइट नाही, इतर. कधी थांबलं हे त्याला सेकंदापर्यंत ठाऊक असतं. का थांबलं, ते माणसानं सांगितलं तर. आणि माणसं ‘इतर’ दाबत होती. आठवड्याच्या आलेखात सगळ्यांत उंच खांब ‘इतर’चा. मालक तापले, सुपरवायझरनं पोरांना झापलं. शेवटी मामाच म्हणाले, “अहो, पहिला पीस तपासायला क्यूसीत नेला की तिथे रांग असते. त्याचं बटण कुठंय?”

बटण आलं. पुढच्या आठवड्यात ‘इतर’ बुटका झाला आणि ‘क्यूसीची वाट’ उंच. तपासणीचं टेबल केबिनशेजारून उचलून मशीनच्या रांगेत आणलं गेलं, टीव्हीही फिरवून पोरांकडे केला. आता जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्यासमोरच बसतात, कुणाचा चौकोन किती वेळ हिरवा यावरून चहाच्या पैजा लागतात.

मामांनी परवा आणखी एक बटण सुचवलं: ‘साहेबांची वाट’. ते अजून मंजूर झालेलं नाही.