अंबोलीतून निघालेली केशरचना

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस उतरून, ज्यास पूर्वी घोडबंदर रस्ता म्हणत त्या स्वामी विवेकानंद मार्गाने उत्तरेकडे चालू लागले, म्हणजे थोड्याच वेळात अंबोली लागते. जवळच गिल्बर्ट टेकडीचा काळा कातळ भिंतीसारखा सरळ उभा आहे व त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. सेंट ब्लेझचे चर्च आणि जुनी ईस्ट इंडियन वस्ती यांवरून मूळ साष्टीकर गावाची कल्पना येते. परंतु आमच्या घरांतील एका जुन्या वादाचा उगम शोधणाऱ्याने यावयाचे ते 'फिल्मालय' या चित्रपटसंस्थेसाठी.

शशधर मुखर्जी यांनी गोरेगावच्या 'फिल्मिस्तान'नंतर ही संस्था काढली. तिचा 'लव्ह इन सिमला' १९६० साली प्रदर्शित झाला. नायिका साधना ही कराचीत जन्मलेली, फाळणीनंतर मुंबईस आलेल्या सिंधी कुटुंबातील मुलगी. तिचे कपाळ पडद्यावर फार रुंद दिसे. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्न या नटीच्या धर्तीवर पुढचे केस कापून कपाळावर सोडविले. युक्ती एवढीच! पण तिचा 'साधना कट' झाला आणि शाळा-कॉलेजांतील मुली आरशासमोर कात्री घेऊन बसल्या.

वडील मंडळी त्यांस झिपऱ्या म्हणत. त्या दशकात विलायतेस मुलगे केस वाढवून बापाशी भांडत होते. येथे मुलीने चार बोटे केस कापले की आजी जेवणावरून उठे. नव्या पिढीस हा निव्वळ हट्ट वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या समाजात बाईच्या केसांस शस्त्र लागे ते केशवपनाच्या वेळी. आगरकरांनी त्या रूढीवर कडक लेख लिहिले खरे, पण घरातल्या सोवळ्या बाया ज्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिल्या, त्यांस नातीच्या हातातील कात्री अशुभ वाटली तर नवल कोणते? त्यात कुंकूही झाकले जाई. नातीच्या मनात मात्र यातले काहीच नव्हते. स्वतःच्या केसांचे काय करावे हे तिने स्वतःच ठरविले होते. (ठरविले सिनेमाने, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.)

पुढे १९६५ साली बी. आर. चोप्रा यांच्या 'वक्त'मध्ये हीच साधना अंगाबरोबर बसणाऱ्या चुडीदार-कुडत्यात दिसली. तो पोशाख आखला कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातील भानु अथैया यांनी. त्यांनाच पुढे १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर मिळाले. चुडीदारास आमच्या घरांत झिपऱ्यांइतका विरोध झाला नसावा, असा आमचा तर्क आहे. सकाळच्या गर्दीत अंधेरीहून चर्चगेटची गाडी धरावयाची, तर नऊवारी काय नि पाचवारी काय, निऱ्या सांभाळण्यास एक हात हवाच; आणि दुसऱ्या हातात डबा.