दिसले ते आणि टिपले ते

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन आम्हां दोघा मराठीच्या प्राध्यापकांकडे असते. २०२४-२५च्या अंकासाठी एका माजी विद्यार्थ्याने लडाखमधील हानले येथे टिपलेले छायाचित्र दिले. १० मे २०२४च्या रात्री सौर वादळ पृथ्वीवर येऊन थडकले आणि एरवी ध्रुवप्रदेशांत दिसणारा प्रकाश तेथील उत्तर क्षितिजावर उमटला, त्या रात्रीचे. प्रती दोन होत्या. एक कॅमेऱ्यातून निघाली तशी, मळकट तांबूस; दुसरी संगणकावर संस्कार केलेली, कुंकवासारखी लालभडक. आम्ही दुसरी मुखपृष्ठावर घेतली आणि खाली ओळ टाकली : 'हानलेच्या आकाशात दिसलेला ध्रुवीय प्रकाश'.

अंक निघाल्यावर प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, असंच दिसलं होतं का?" आम्ही त्या माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "सर, डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तेव्हा कळलं. आईला मात्र मी 'पाहिलं' असंच सांगितलंय."

कारण साधे आहे. हा तांबडा प्रकाश २०० किलोमीटरांहून अधिक उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंचा. इतक्या अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही. कॅमेरा मात्र कित्येक सेकंद झडप उघडी ठेवून प्रकाश साठवीत राहतो. म्हणजे मळकट प्रतही 'दिसले तसे' नव्हतीच. संगणकावर रंग वाढविला गेला होता, पण तो मुळात होता. खोटा होता तो आमचा 'दिसलेला' हा शब्द.

वर्गात आम्ही 'संपादन' शिकवतो ते निराळे. याच नागपुरातील डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले. हस्तलिखितांतून एक पाठ स्वीकारावा आणि सोडलेल्या पाठांची नोंद ठेवावी, ही पाठसंपादनाची शिस्त. विद्यार्थ्याने पाठभेद गाळले की आम्ही गुण कापतो. स्वतः मात्र एक प्रत गाळली आणि तशी नोंदही केली नाही.

पुढील अंकात दोन्ही प्रती शेजारी शेजारी छापून खाली खरी हकीकत द्यावी, असे आम्ही ठरविले. परवानगीसाठी त्याला पुन्हा विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "छापा सर. फक्त चार दिवस थांबा. आईला आधी मी सांगतो."