रेग्युलेटर बदलला

टोंकखुर्द, जि. देवास

ती. दादास,


बाबांची गाडी भंगारात द्यायची नाही, हे आधीच लिहून टाकतो. कारणं पुढे येतीलच. फोनवर तू म्हणालास, वीस वर्षांवर झालेल्या गाडीत अजून किती पैसे ओतणार? प्रश्न रास्त आहे. पण गेल्या उन्हाळ्यापासून जो पैसा गेला तो गाडीच्या वयापायी गेला नाही, अंदाजापायी गेला. काळा धूर येतो म्हणून प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ करून घेतले, मग इग्निशन कॉइल. थोडे दिवस बरे जायचे आणि ॲव्हरेज पुन्हा खाली. स्कॅनर लावला तेव्हा मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असल्याचा कोड आला, तर त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदला असा सल्ला मिळाला. बिघाड कुठे आहे हे बघायचं सोडून सगळे पार्ट बदलून बघत होते. या सवयीचा मला खरोखर राग आहे.

बिघाड निघाला फ्यूल प्रेशर रेग्युलेटरमध्ये. बोनेट उघडलंस की इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी दिसते, ती फ्यूल रेल. तिच्या टोकाशी दोन छोट्या बोल्टांनी बसवलेला धातूचा गोल पार्ट म्हणजे रेग्युलेटर. पोटात एक रबरी डायफ्राम आणि एक स्प्रिंग, बास. टाकीतला पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा नेहमीच जास्त पेट्रोल पाठवतो. रेलमधला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ लागला (या पद्धतीच्या गाड्यांत तो साधारण अडीच ते तीन बार असतो) की डायफ्राम स्प्रिंगला मागे रेटतो, वाट मोकळी होते आणि जादा पेट्रोल रिटर्न लाइननं टाकीत परत जातं.

हे तुला आपल्याकडच्या शेततळ्यावर उभं राहून चटकन कळेल. ज्या देवासला 1990 मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात 2006 पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या मोहिमेतून तळी खणली गेली, आपल्या टोंकखुर्द तालुक्यात तर शेतोशेती. कुठल्याही तळ्यावर जा, पाण्याची पातळी येणाऱ्या पाण्यावर ठरत नाही, सांडव्याच्या उंचीवर ठरते. रेलमधला दाबसुद्धा पंप ठरवत नाही, रेग्युलेटर ठरवतो. फरक इतकाच की हा सांडवा आपली उंची क्षणोक्षणी बदलतो. त्याच्या डोक्यावर एक बारीक रबरी पाइप असतो, तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम आणतो. गाडी नुसती चालू ठेवली असेल तर व्हॅक्यूम जोरात, तो डायफ्रामला आपल्याकडे ओढतो आणि दाब सुमारे अर्ध्या बारनं उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम मोडतो आणि दाब चढतो. त्यामुळे इंजेक्टरच्या तोंडाशी आतला आणि बाहेरचा दाब यांतलं अंतर कायम तेवढंच राहतं.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची. या जुन्या गाड्यांत ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पेट्रोलचा दाब कळतच नाही, तो मोजणारा सेन्सरच नसतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा तेवढं तो ठरवतो आणि दाब बरोबर आहे असं धरून चालतो. म्हणून स्कॅनर पेट्रोल जास्त जळतंय एवढंच सांगू शकतो, कुठून येतंय ते सांगू शकत नाही. ते माणसालाच शोधावं लागतं.

आणि शोधणं किती सोपं! गाडी चालू ठेवली, रेग्युलेटरवरचा व्हॅक्यूम पाइप हलकेच ओढून काढला. पाइप बसतो त्या निपलच्या तोंडाशी पेट्रोलचा एक थेंब फुगला, घरंगळला, मागोमाग दुसरा. त्या पाइपात हवेखेरीज काहीही असता कामा नये. डायफ्राम फाटला होता आणि मोजमापाशिवायचं पेट्रोल त्या पाइपातून थेट इंजिनात ओढलं जात होतं. काळा धूर, काजळलेले प्लग, गरम गाडीला पुन्हा स्टार्ट करताना लांबणारा सेल्फ, सगळ्याचा हिशेब लागला. डिपस्टिक काढून हुंगली, तर ऑइललाही पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी हाणली असती तर बेअरिंग गेल्या असत्या. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अशा न जळलेल्या पेट्रोलानं आतून तापून वितळतो.

याच दुखण्यावर एक जुगाड चालतो, तो तुझ्या कानावर घालतो, म्हणजे कोणी सुचवला तर तू ठाम नाही म्हणशील. व्हॅक्यूम पाइप काढायचा, मॅनिफोल्डच्या बाजूचं तोंड स्क्रू खुपसून बंद करायचं. धूर लगेच थांबतो, गिऱ्हाईक खूश. पण रेग्युलेटरचं निपल उघडंच राहतं आणि फाटक्या डायफ्राममधून पेट्रोल आता तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. बोनेटखाली आग लावायची ही रीत झाली. दुरुस्ती म्हणून ती करणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

पार्ट इंदूरहून मागवला. तो घेताना एक गोष्ट बारकाईनं पाहावी लागते. बाहेरून हुबेहूब दिसणारे, त्याच बोल्टांवर बसणारे रेग्युलेटर वेगवेगळ्या दाबाचे मिळतात. ‘बसतोय ना?’ एवढंच विचारून घेतला की मिश्रणाचं गणित पुन्हा चुकलं. जुन्यावर कोरलेला नंबर जुळवून घेतला आणि नवी ओ-रिंग वेगळी मागितली.

काम अंगणात केलं, सकाळी, इंजिन गार असताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली बसून जमिनीलगत सरकत जाते आणि उणे 40 अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. म्हणून घरातला गॅस बंद, देवापुढचं निरांजन शांत झाल्यावरच सुरुवात, जवळ पावडरचं अग्निशामक आणि घमेलंभर वाळू. आधी फ्यूल पंपाचा रिले उपसून गाडी चालू ठेवली. रेलमधलं पेट्रोल संपलं आणि इंजिन आपोआप बंद पडलं. मग थोडा सेल्फ मारून उरलासुरला दाब काढला, इग्निशन बंद केलं आणि बॅटरीची निगेटिव्ह काढली. हे केल्याशिवाय जोड सैल केला तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत येते. तरीही रिटर्न पाइपाची क्लिप सोडताना जोडाभोवती फडकं गुंडाळलं, कारण थोडं पेट्रोल सांडतंच.

बोल्ट सुटले, पण पार्ट निघेना. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ओ-रिंग रेलच्या भोकात चिकटून बसली होती. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचा मोह होतो, पण रेल ॲल्युमिनियमची, तिला ओरखडा गेला तर नवी ओ-रिंगसुद्धा गळणार. हातानंच डावी-उजवीकडे घोळवत राहिलो तेव्हा सुटला. जुनी ओ-रिंग नखानं दाबली तर कडक, तिला मऊपणा म्हणून उरलाच नव्हता. नवी ओ-रिंग स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावून सरळ रेषेत दाबली, बोल्ट आळीपाळीनं हलक्या हातानं आवळले. व्हॅक्यूम पाइप आणि रिटर्नचा रबरी तुकडाही नवा टाकला. रिले आणि बॅटरी जोडून चावी नुसती ऑनवर दोन-चारदा फिरवली. दरवेळी पंप क्षणभर घुमतो आणि रेल भरतो. जोडावर कोरडा कागद फिरवून पाहिला, ओल नाही. मगच सेल्फ मारला.

उसना आणलेला प्रेशर गेज लावून खात्रीही केली. व्हॅक्यूम पाइप काढला की काटा अर्धा बार वर, लावला की खाली. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदललं. ते चुकवायचं नव्हतंच.

तू पेट्रोलमधल्या इथेनॉलचं विचारलं होतंस. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग 20 टक्के इथेनॉल सोसतील असे केलेले आहेत, आपली गाडी त्याच्या खूप आधीची. इथेनॉलनं काही जातींचं रबर फुगतं आणि कमजोर होतं हे खरं. पण वीस वर्षांची उष्णता झेललेला डायफ्राम फाटला तर सगळा दोष पेट्रोलवर टाकणं मला पटत नाही. यापुढे पाइप घेताना इथेनॉल सोसणारा, फ्लुरोकार्बन रबराचं अस्तर असलेला घ्यायचा, एवढं आपल्या हातात आहे.

बाबांचा हात कार्ब्युरेटरवर बसलेला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना युरो नियम सक्तीचे केले आणि त्या सुमाराला सगळीकडे कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टरांचं एमपीएफआय आलं, तेव्हा ते म्हणायचे, आता बोनेट उघडून उपयोग नाही, सगळं बंद पेटीत गेलं. त्यांना हा पार्ट दाखवायला हवा होता. याला ना वायर, ना चिप. स्प्रिंग आणि रबर यांच्यावर चालणारी ही वस्तू त्यांनी चुटकीसरशी ओळखली असती. खरी बंद पेटी तुझ्या पुण्याच्या गाडीत आहे. रिटर्न लाइननं तापलेलं पेट्रोल टाकीत परत येतं, त्यानं वाफ वाढते, म्हणून पुढच्या गाड्यांत रिटर्नच काढला आणि रेग्युलेटर टाकीत पंपाशेजारी नेऊन ठेवला. प्रदूषणाच्या दृष्टीनं ते योग्यच. पण तिथे पाइप ओढून थेंब बघायची सोय राहिली नाही. आपल्या मुलांना इंजिन समजावून द्यायचं तर ते या गाडीवरच देता येईल, आणि ती ठेवायचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण आहे.

दिवाळीला येशील तेव्हा पुण्याहून एक बरा फ्यूल प्रेशर गेज टी-जोडासकट घेऊन ये, उसना किती दिवस मागायचा? देवासला उतर, मी गाडी घेऊन स्टेशनवर येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा